नेम पाखराच्या पुढे

ज्वारीच्या कणसात दूध भरू लागले की शेतात माळा उभा राहतो आणि राखणीला बसलेल्या पोराच्या हाती गोफण येते. थवा कणसांवर उतरलेला असतो तेव्हा त्याला नेम धरण्याचे फारसे काम नसते. गोफणीचा फटकारा वाजला तरी पाखरे उठतात. पण उठलेला थवा बांधावरून वळून पुन्हा शेताकडे येऊ लागला, की हा पोरगा दगड कुठे सोडतो, हे तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? थवा जिथे दिसतो तिथे तो दगड टाकीत नाही. थवा जिथे येणार, तिथे टाकतो. हे त्याला कोणी शिकवलेले नसते. वेग, वेळ आणि अंतर यांचे गणित शाळेत घातले तर कदाचित तो पाटीकडे बघत बसेल. माळ्यावर मात्र तेच गणित तो क्षणात सोडवतो.

श्रोतेहो, आज ज्या विद्येचा इतिहास मला सांगायचा आहे ती हीच. फक्त गोफणीच्या जागी छऱ्यांची बंदूक आहे, एवढाच फरक. उडते पाखरू टिपण्याची विद्या माणसाने कशी कमावली, ती कमावताना किती पाखरे गेली, आणि मग पाखराच्या जागी मातीची एक चकती कशी येऊन बसली, अशी ही हकिगत आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ साली त्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून हौसेच्या शिकारीला वाव राहिलेला नाही. तेव्हा तितर-लाव्यांच्या मागे बंदूक घेऊन कोणी निघावे म्हणून हे भाषण नाही, बरं का.

नेमबाजी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे रायफल येते. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळे यांनी कांस्यपदक मिळवले, ते रायफलचे. तिथे निशाण ५० मीटरांवर, पण जागच्या जागी उभे. नेमबाज श्वास आवरतो, अंग दगडासारखे स्थिर करतो आणि चाप हळूच दाबतो. गोळी एकच. छऱ्यांच्या बंदुकीचा सगळा कारभार उलटा. नळी आतून गुळगुळीत, काडतुसात बारीक छर्रे. स्पर्धेच्या २४ ग्रॅमच्या काडतुसात ते तीनशेच्या आसपास भरतात. नळीतून सुटले की ते पसरत जातात. निशाण हवेत पळत असते, आणि इथे जो स्थिर राहिला तो चुकला.

का चुकला? थोडा हिशेब करू. पाखरू ताशी ६० किलोमीटर वेगाने आपल्यासमोरून आडवे चालले आहे असे धरा. म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरांहून थोडे जास्त. ते आपल्यापासून पस्तीस-चाळीस पावलांवर आहे. नळीतून निघालेले छर्रे तिथे पोचायला सेकंदाचा सुमारे आठवा भाग घेतात. डोळ्याची पापणी लवण्याआधीच ते पोचतात म्हणा ना. पण तेवढ्या वेळात पाखरू दोन मीटर, म्हणजे सहा-सात फूट, पुढे गेलेले असते. ज्याने बरोबर पाखरावर नेम धरला, त्याचे छर्रे पाखराच्या शेपटीमागच्या रिकाम्या हवेतून निघून जातात. नवख्याचे दहांतले नऊ बार असेच मागे पडतात. शिक्षकांना हा प्रयोग मैदानावर करता येईल. एका मुलाला सरळ रेषेत पळवा आणि दुसऱ्याला त्याच्या हाती चेंडू द्यायला सांगा. चेंडू पळणाऱ्याच्या अंगावर फेकला की तो मागे पडतो, आणि दोन-चार वेळा चुकल्यावर मुले आपोआप पुढे फेकू लागतात.

आता ही विद्या फार जुनी असेल असे वाटते, पण तशी ती नाही. बंदुका आल्यानंतर पुष्कळ काळ माणसे बसलेल्याच पाखरावर बार टाकीत. आपल्याकडचे फासेपारधी काय किंवा युरोपातले जाळेवाले काय, त्यांची सगळी हुशारी पाखराला उडू न देण्यात होती. इंग्लंडात उडत्या पाखरावर बार टाकण्याची चाल सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सकडून आली असे मानतात. १७२७ पर्यंत तिचे इतके कौतुक झाले होते की मार्कलंड नावाच्या गृहस्थाने त्या कलेवर चक्क एक पद्यग्रंथ छापला.

त्या काळची बंदूक चकमकीची. आपल्या तोफांच्या गोष्टींतून रंजक आणि बत्ती हे शब्द तुम्हांला परिचयाचे आहेत. चकमकीच्या बंदुकीत बत्तीचे काम दगड करी. चाप ओढला की दगड पोलादावर घासायचा, ठिणग्या नळीच्या बाजूच्या वाटीतल्या रंजकीवर पडायच्या, रंजक भुर्रकन पेटायची आणि तिची आग बारीक भोकातून आत जाऊन मग मोठा बार उडायचा. या सगळ्याला लागणारा वेळ तसा थोडाच, पण पाखराला तो पुरेसा. शिवाय त्या वेळात बंदूक फिरती ठेवावी लागे. हात थांबला की बार फुकट.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर ॲबर्डीनजवळ बेलहेल्वी नावाचे गाव आहे. तिथे अलेक्झांडर फॉर्सिथ नावाचा पाद्री होता. प्रवचन झाले की या पाद्रीबुवांचा दुसरा छंद म्हणजे पाणपाखरांची शिकार. त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. रंजक पेटल्याचा भपकारा दिसताच पाखरे बिचकतात, आणि मागून छर्रे येईपर्यंत दिशा बदलून मोकळी होतात. बंदूक आधी पाखराला इशारा देते आणि मग उडते, असा तो प्रकार होता. फॉर्सिथला रसायनांचा नाद होता. नुसत्या ठोक्याने पेट घेणारे रसायन रंजकीच्या जागी वापरून त्याने नवा घोडा बनवला आणि १८०७ साली त्याचे पेटंट घेतले. त्याआधी लंडनच्या टॉवरमध्ये सरकारी शस्त्रखात्यासाठी तो काही काळ प्रयोगही करीत होता. पण वरचा अधिकारी बदलला, नव्याला त्यात काही राम वाटला नाही, आणि पाद्रीबुवांची रवानगी पुन्हा गावी झाली. तीसेक वर्षांनी ब्रिटिश फौजेने त्याच तत्त्वाच्या बंदुका घेतल्या. दिवाळीत पोरे पिस्तुलात टिकली घालून फोडतात ना, तिचे कूळ या बदकांच्या शिकाऱ्यापर्यंत जाऊन पोचते. जगातल्या सगळ्या फौजांची शस्त्रे बदलून टाकणारी ही युक्ती पाखरे हूल देतात या तक्रारीतून निघाली, हे मला मोठे मौजेचे वाटते.

पुढच्या सुधारणा भराभर झाल्या. कोकणात ठासणीची बंदूक अजून माहीत आहे. तोंडातून दारू भरायची, बोळा कोंबायचा, छर्रे घालायचे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचे. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात लफोशो या फ्रेंच कारागिराची मागून मोडणारी, तयार काडतूस घालायची बंदूक लोकांनी पाहिली आणि ठासणीचे दिवस भरले. मग १८६६ च्या सुमारास नळीचे तोंड किंचित आवळून छर्रे एकत्र ठेवण्याची युक्ती आली. तिला चोक म्हणतात. चाळीस यार्डांवर तीस इंच व्यासाचे वर्तुळ काढून त्यात किती छर्रे पडले हे मोजण्याची पद्धत आहे. तोंड न आवळलेल्या नळीचे शेकडा चाळीसच्या आसपास पडतात, पुरते आवळलेल्या नळीचे शेकडा सत्तर. आवळलेली नळी चांगली असे ऐकणाऱ्याला वाटेल. पण जवळच्या निशाणाला तीच नळी नडते, कारण छऱ्यांचा झोत मुठीएवढा राहतो आणि नेमातली थोडी चूकही खपत नाही.

बंदूक सुधारली तसा माणसाचा हात उघडा पडला. आता बार चुकला तर दोष दगडाला आणि रंजकीला देता येईना. सराव हवा. पण सराव कशावर करायचा?

यावर त्या काळच्या लोकांनी काढलेला तोडगा सांगायला आज जीभ अडखळते. जिवंत कबुतरावर सराव. लंडनच्या पश्चिमेला ईलिंगला एका पथिकाश्रमाजवळ जमिनीत खड्डे करीत, त्यांत कबुतर ठेवीत, वर जुनी टोपी झाकीत आणि दोरी ओढून टोपी उलटली की कबुतर उडे. त्या जागेचे नावच पडले ‘जुन्या टोप्या’. पुढे टोपीच्या जागी मोडणारी पेटी आली. लंडनच्या हर्लिंगहॅम क्लबात बडे लोक पैजा लावून ही कबुतरे मारीत. १९०५ साली तिथला तो प्रकार बंद झाला. क्लबाच्या चिन्हावर कबुतर मात्र राहिले. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळीसुद्धा जिवंत कबुतरांवरची स्पर्धा झाली होती, आणि बेल्जियमचा लेआँ द लुंदेन २१ कबुतरे मारून पहिला आला. इंग्लंडात १९२१ साली कायदा होऊन पेटीतून सोडलेल्या पाखरांवर बार टाकणे बंद पडले.

अमेरिकेत हेच काम रानकबुतरांवर चाले. तिथे प्रवासी कबुतर म्हणून एक जात होती. तिची संख्या तीनशे ते पाचशे कोटी असावी असा अंदाज आहे. थवा डोक्यावरून जाऊ लागला की तासन् तास आभाळ झाकलेले राही. घरट्यांच्या जंगलांत जाळी लावून माणसे ही कबुतरे पकडीत. मेलेली पिंपांत भरून शहरांच्या बाजारात जात आणि जिवंत पिंजऱ्यांतून नेमबाजीच्या मेळाव्यांना. १८८१ साली न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडला झालेल्या एका मेळाव्यात अशी हजारो कबुतरे उडवली आणि पाडली गेली. प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये म्हणून झटणाऱ्या हेन्री बर्ग यांनी अशा मेळाव्यांविरुद्ध मोठी ओरड केली होती. न्यायाने सांगायचे तर ती जात नेमबाजांनी संपवली नाही. बाजारासाठी झालेली कत्तल आणि तोडलेली जंगले ही मुख्य कारणे. पण त्या पापात या खेळाचाही वाटा होता.

कबुतराला पर्याय शोधणाऱ्यांत पहिले काचेचे गोळे आले. इलिनॉय राज्यातला ॲडम बोगार्डस हा त्या काळचा नामांकित नेमबाज. बाजारासाठी शिकार करूनच त्याचा हात तयार झाला होता. गुळगुळीत काचेवरून छर्रे घसरतात हे पाहून त्याने खरबरीत गोळे बनवले आणि ते लांब फेकणारे यंत्र काढले. त्याचे पेटंट १८७७ चे. काही गोळ्यांत पिसे भरलेली असत. गोळा फुटला की पिसे उडावीत आणि पाहणाऱ्याला पाखरू पडल्यासारखे वाटावे! पण काच ती काच. मैदानभर तिचे तुकडे, आणि गोळा उडायचाही आंब्यासारखा, वर जाऊन खाली. पाखरासारखा तरंगत दूर जाईना.

सिनसिनाटी शहरातल्या जॉर्ज लिगॉवस्की याला ती अडचण सुटली. असे सांगतात की पाण्यावर चपटे शिंपले टप्पे खात पळवणारी मुले त्याने पाहिली. तुमच्या गावच्या तळ्यावर, नदीवर हा खेळ रोज चालत असेल. गोल वस्तू बुडते, चपटी तरंगत जाते, शिवाय स्वतःभोवती फिरत असली तर जास्तच. त्याने भाजलेल्या मातीची पसरट बशी बनवली आणि ती फिरवून फेकणारे यंत्र. वर्ष १८८०. पहिल्या बश्या इतक्या कडक भाजलेल्या असत की छर्रे लागले की घंटेसारख्या वाजत, पण फुटत नसत. मग माती गेली. डांबर आणि चुनखडीची पूड यांची चकती आली. तरी नाव मातीच्या कबुतराचेच राहिले. आजची चकती ११० मिलिमीटर व्यासाची, १०५ ग्रॅम वजनाची. हातावर घेतली तर तळहातावर मावते आणि हातून पडली तर फुटते.

आणि योग असा की ज्या सिनसिनाटीत हे मातीचे कबुतर जन्मले, त्याच शहराच्या प्राणिसंग्रहालयात १ सप्टेंबर १९१४ रोजी शेवटचे प्रवासी कबुतर मेले. मादी होती, तिचे नाव मार्था. कोट्यवधींच्या त्या जातीत तिच्यामागे एकही उरले नाही.

चकती आली म्हणून विद्या लगेच आली नाही. सुरुवातीचे मैदान म्हणजे यंत्र पुढे आणि नेमबाज मागे. चकती नेहमी आपल्यापासून दूर पळणार. त्यात हात सफाईदार होई, पण रानात पाखरू असे एकाच वाटेने थोडेच उडते? मॅसॅच्युसेट्स राज्यात अँडोव्हर नावाचे गाव आहे. तिथे चार्ल्स डेव्हिस हा गृहस्थ कुत्री पाळण्याचा धंदा करी. त्याला झाडीतल्या ग्राउज नावाच्या पाखरांच्या शिकारीचा नाद होता. हे पाखरू अवचित उठते आणि आडवेतिडवे निघून जाते. त्याचा सराव व्हावा म्हणून १९२० च्या सुमारास त्याने पंचवीस यार्ड त्रिज्येचे एक वर्तुळ आखले, घड्याळासारख्या त्यावर बारा जागा केल्या आणि बाराच्या जागी चकती फेकणारे यंत्र ठेवले. चकतीची वाट एकच. पण नेमबाज घड्याळाच्या काट्यासारखा जागा बदलत जाई, त्यामुळे तीच चकती कधी समोरून येई, कधी आडवी जाई, कधी पाठमोरी. किती साधी युक्ती! मग शेजाऱ्याने लगतच्या जमिनीवर कोंबड्या पाळल्या. छर्रे कोंबड्यांवर पडू लागले तर शेजारधर्म कसा राहणार? म्हणून १९२३ साली डेव्हिसने अर्धे वर्तुळ सोडून दिले आणि उरलेल्या अर्ध्यात दुसरे यंत्र समोरासमोर बसवले. कोंबड्यांमुळे खेळ बिघडला नाही, उलट सुधारला. आता चकत्या दोन्हीकडून येऊ लागल्या. त्याचा तरुण सोबती विल्यम हार्न्डन फॉस्टर याने १९२६ साली मासिकांतून हा खेळ लोकांपुढे ठेवला आणि नाव सुचवणाऱ्याला शंभर डॉलरचे बक्षीस लावले. ते मोंटाना राज्यातल्या गर्ट्रूड हर्लबट या बाईंनी मिळवले. नाव ठरले स्कीट. हा खेळ १९६८ पासून ऑलिंपिकमध्ये आहे.

दुसऱ्या महायुद्धात या खेळाला वेगळेच काम मिळाले. विमानात मशीनगनवर बसणाऱ्या सैनिकाची अडचण माळ्यावरच्या पोरासारखीच, फक्त तो स्वतःही पळतो आणि त्याचे निशाणही. अमेरिकेच्या हवाई दलाने आपल्या गनरांच्या शिक्षणात स्कीट घातले. आधी जमिनीवर उभे राहून, मग चालत्या ट्रकच्या मागच्या फळीवर उभे राहून, वाटेत ठिकठिकाणच्या यंत्रांतून उडणाऱ्या चकत्यांवर छऱ्यांच्या बंदुकीने बार टाकायचे. मागाहून विमान.

हात सुधारायचा कसा, यावर विलायतेत विसाव्या शतकात दोन पक्ष झाले, आणि दोघांचाही दबदबा होता. लंडनचा बंदूक बनवणारा रॉबर्ट चर्चिल म्हणे की पुढे किती धरायचे याचा हिशेब करूच नका. नजर पाखरावर खिळवा, अंग त्याच्याबरोबर वळवा, बंदूक खांद्याला लागता लागता बार टाका. पुढचे अंतर हात आपोआप घेतो. पर्सी स्टॅनबरी या शिक्षकाची शिस्त वेगळी. पुढच्या पायावर भार, उभे राहणे ठरलेले, बंदूक पाखराच्या वाटेवर मागून आणून त्याला ओलांडायची आणि ओलांडताना चाप दाबायचा. मला विचाराल तर ऐकायला चर्चिलचे बोलणे गोड लागते; शिकणाऱ्याला मात्र स्टॅनबरीची पायावरची शिस्त आधी लागते. आधी सूर पक्का, मग आलाप. पण एका बाबतीत दोघांत मतभेद नाही. बार उडाला तरी बंदूक फिरतच राहिली पाहिजे. बॅट चेंडूला लागल्यावर फलंदाज जसा बॅट तिथेच थांबवीत नाही, तसे.

बाकीच्या चुका बहुतेक डोळ्याच्या आणि मानेच्या. छऱ्यांच्या बंदुकीला मागचे निशाण नसते. नळीच्या टोकाला एक छोटी माशी असते, बस्स. मागचे निशाण म्हणजे नेमबाजाचा डोळा. म्हणून गाल दस्त्याला चिकटलेला हवा. चकती फुटली का हे पाहण्याच्या घाईत मान वर उचलली की डोळा सरकतो आणि बार वरून जातो. माशीकडे बघत बसले तर हात थांबतो. दस्ता आखूड किंवा लांब असला तरी तीच गत. दुसऱ्याचा अंगरखा आणि दुसऱ्याची बंदूक क्वचितच अंगाला बसते. आणि आपला हुकमी डोळा कोणता, हे तर आधीच पाहून घ्यावे. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या झाडाकडे बोट दाखवा, मग डावा डोळा मिटा. बोट झाडावरच राहिले तर उजवा डोळा हुकमी. बोट बाजूला सरकले तर डावा. वर्गातल्या सगळ्या मुलांवर करून पाहा. उजव्या हाताने लिहिणारी पण डाव्या डोळ्याची अशी मुले निघतील, आणि त्यांचे त्यांनाच नवल वाटेल. असा माणूस उजव्या खांद्यावरून नेम धरतो तेव्हा त्याचा बार कायम डावीकडे जातो, आणि तो बिचारा बंदुकीला दोष देत राहतो.

चकती पाखराची पुरती नक्कल करीत नाही, हेही सांगायला हवे. पाखरू उठताना सावकाश असते आणि मग वेग घेते. चकती यंत्रातून सुटतानाच सर्वांत जलद असते आणि पुढे मंदावते. म्हणून चकतीवर तरबेज झालेला माणूस रानात चुके, आणि रानातला जुना शिकारी मैदानावर हसे करून घेई. दुसरा फरक अधिक खोल आहे. चकतीचा डोळ्यांना दिसेल असा एक टवका उडाला तरी गुण मिळतो. पाखराला एकच छर्रा लागला तर ते पडत नाही. जखमी होऊन दूर झाडीत उतरते आणि दोन दिवसांनी मरते. चाळीस यार्डांपलीकडे झोत विरळ होतो, तिथे असे जास्त घडते. विलायती शिक्षक म्हणूनच अंतर ओळखायला शिकवण्यावर इतका भर देत. कोणता बार टाकायचा नाही, हा त्या विद्येचा अर्धा भाग होता. आमच्याकडच्या मोठ्या शिकारींत तो भाग फारसा कोणी शिकला नाही.

त्याचा पुरावा राजस्थानात भरतपूरला दगडावर कोरलेला आहे. केवलादेवच्या पाणथळीत संस्थानच्या काळात पाहुण्यांसाठी बदकांच्या शिकारी होत. किती बंदुका, किती पाखरे, असा जमाखर्च तिथल्या शिळांवर लिहिलेला आहे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पाखरे पडली. त्यांतली कितीतरी हिमालय ओलांडून हिवाळ्यापुरती आलेली. जखमी होऊन वेतात-गवतात गेलेल्यांचा आकडा शिळेवर नाही. मुंबईचे पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी ही पाणथळ वाचावी म्हणून पुष्कळ खटपट केली. पुढे ती राष्ट्रीय उद्यान झाली आणि १९८५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

त्याच राजस्थानात बिकानेरजवळ गजनेरचा तलाव आहे. तिथे पहाटे पाण्यावर येणाऱ्या पखुर्डीच्या जातीच्या पाखरांची शिकार प्रसिद्ध होती; महाराजा गंगासिंह तिच्यासाठी व्हाइसरॉयांना बोलावीत. त्यांचे नातू करणीसिंह. हे १९५२ पासून पंचवीस वर्षे लोकसभेत होते. पण त्यांचे नाव जगात झाले ते चकत्यांमुळे. १९६० च्या रोमपासून १९८० च्या मॉस्कोपर्यंत, मधले एक सोडून, पाच ऑलिंपिकमध्ये ते उतरले. १९६१ साली नेमबाजीतला पहिला अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत ते पहिल्या जागेसाठी बरोबरीत आले. मग बरोबरी फोडण्यासाठी पुन्हा चकत्या उडवल्या गेल्या, त्यांत ते मागे पडले आणि रौप्यपदक घेऊन आले. आजोबांच्या तलावावर पाखरांचे ढीग पडत होते; नातवाची लढत जगातल्या उत्तमोत्तमांशी झाली ती डांबराच्या तुकड्यावर. यांतली कोणती नेमबाजी अवघड, हे मी सांगायला नको.

त्यांच्या मागून आलेल्यांनी ती वाट रुंद केली. २००४ साली अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी एकाच वेळी दोन चकत्या सुटणाऱ्या डबल ट्रॅप प्रकारात रौप्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधले ते पहिले वैयक्तिक रौप्य. तो प्रकार २०१६ नंतर ऑलिंपिकमधून गेला. २००६ साली झाग्रेबला मानवजितसिंह संधू ट्रॅपमध्ये जगज्जेते झाले. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये महेश्वरी चौहान व अनंतजीतसिंह नारूका ही आपली जोडी स्कीटच्या मिश्र सामन्यात कांस्यपदकासाठी उभी राहिली. अँडोव्हरच्या कोंबड्यांनी अर्धे केलेले तेच वर्तुळ, दोन्हीकडून येणाऱ्या त्याच चकत्या. चीनच्या जोडीने ४४ फोडल्या, आपल्या जोडीने ४३.